ओसरीला भानुदास

डॉक्टरीणबाईंनी आबांना तीन शब्द दिले. पेरू, कंदील, बैल.

"लक्षात ठेवा हं बाबा. थोड्या वेळानं विचारणार आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आबांना वहाणा काढायला लावल्या, डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला कापसाचा बोळा लावला. कापूस कुठे लागतोय ते आबांनी सांगायचं होतं. आबा काही बोलले नाहीत. बाईंनी कापूस ठेवून टाचणीचं टोक टेकवलं. तरी आबा शांत, देवापुढं बसल्यासारखे. मी टेबलाच्या अलीकडे होते. मीच माझे पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब पाहिला, दोनदा. उपाशीपोटी काढलेल्या साखरेचा कागद समोर होता. दोनशे अडुसष्ट. मग त्या सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मघाचे तीन शब्द सांगा बरं."

"पेरू," आबा म्हणाले. बराच वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "पण या दिवसांत पेरू कुठले?"

"अजून दोन होते."

आबा हसले. त्यांचं हसू फार गोड. त्या हसण्यावर नऊ गावच्या बायका त्यांना माहेरचं माणूस मानायच्या. "बाई, शब्द तुमचे. माझ्याकडं कशाला ठेवायला दिलेत? तुमचा हात द्या बघू इकडं."

बाईंनी कुतूहलानं डावा हात पुढे केला. आबांनी तो आपल्या तळहातावर घेतला, अंगठा आत दुमडला, बोटांची मूठ करून हलकेच दाबली, जशी कळी मिटवावी.

"दोन-चारचं बांगडीचं माप. आणि हे मनगट ल्हानपणी मोडलंय. नीट बसलं नाय. बांगडी इथं अडकत आसंल, म्हणून घड्याळ घालताय."

डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. "सहावीत होते. सायकलवरून पडले होते," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "घरी काही विसरतात का? नावं, रस्ता, गोळ्या? तुम्ही सोबत असता, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

आबा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत विनवणी नव्हती. नुसते बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "तसं काही नाही. वयाप्रमाणं."

बाईंनी गोळ्या वाढवून दिल्या, तंबाखू सोडायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. बाहेर पडताना आबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. रस्त्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, आपण इथं कशाला आलो होतो.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा चौतिशीची होते. आबा माझे सासरे, रंगनाथ दहिवाळ, वय सदुसष्ट. आम्ही कासार. घर तालुक्याच्या गावात आणि आबांची पायपीट आसपासच्या नऊ गावांत. लग्न ठरलं की मांडवाच्या आधी कासाराला निरोप जायचा. आबा पाटी घेऊन जात, अंगणात घोंगडीवर बसत आणि नवरीपासून म्हातारीपर्यंत साऱ्या भावकीतल्या बायकांचे हात भरत. त्यांनी कधी कुणाला माप विचारलं नाही. हात हातात आला की माप कळायचं, आणि हाताबरोबर घरही कळायचं. कुणाच्या मनगटाला जळल्याचा नवा डाग आहे, कुणाचा हात एका वर्षात भरलाय, कुणाच्या बोटांना कपाशीच्या बोंडांचे ओरखडे आहेत. आबा बोलून दाखवायचे नाहीत. तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचे, एवढंच.

साखर अकरा वर्षांची जुनी. गोळ्या होत्या, पण आबा त्या आठवतील तशा घेत. कधी दोन दिवस नाही, कधी सकाळची दुपारी पुन्हा. गालात तंबाखूचा बार कायम. आधी पाय बधिर झाले, मग बोटांची टोकं. एकदा एका नवरीचा हात भरताना बांगडी वाढली. फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. काच आबांच्याच अंगठ्यात शिरली आणि ते पुढची बांगडी चढवत राहिले. रक्त आधी नवरीनं पाहिलं. त्या दिवसापासून मी सोबत जाऊ लागले. माळेतून बांगड्या काढून द्यायच्या, काच निरखायची, हे माझं काम. आणि आबा बोटांऐवजी तळहातानं माप घ्यायला शिकले. तळहात अजून जागा होता.

विसरणं त्यानंतर आलं, पावलं न वाजवता. चष्मा, मग एसटीचा थांबा. मग एक दिवस त्यांनी चार लेकरांच्या आईला विचारलं, "लगीन कधी गं तुझं?" ती खूप हसली, कासारमामांची थट्टा म्हणाली. मीही हसले. परतताना फाट्यावर बसची वाट बघत आबा म्हणाले, "वैजू, घरं एकमेकांत मिसळायला लागलीत गं. पिठं मिसळावीत तशी."

त्यावर मी एक उपाय काढला. माझी आई जात्यावर ओव्या रचायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या मावशीला दोनशे ओव्या पाठ होत्या. म्हणून मी एकेका घराची ओवी केली. बसमधून उतरलो की वेशीपर्यंतच्या वाटेवर मी म्हणायची आणि माझ्या मागून आबा म्हणायचे.

मारुतीच्या पाराला पाठमोरं दार
सोनाबाईच्या घरात सुना बाई चार

पाराशी आलो की आबा बरोबर पाठमोऱ्या दारात शिरायचे आणि हाक मारायचे, "सोनाबाई, चारही सुना आहेत का घरात?" म्हातारी खुश. तीन शब्द न राहणाऱ्या डोक्यात साठ घरांच्या ओव्या राहिल्या. दीड वर्ष आम्ही दोघांनी नऊ गावांना कळू दिलं नाही. माझ्या यजमानांनाही नाही. ते एसटीच्या आगारात कामाला, पहाटे जायचे, अंधारून आल्यावर यायचे. त्यांना वाटे वडील वयानं अबोल झाले. खोटं कशाला सांगू, मला त्या ओव्यांचा अभिमान वाटायचा. आबांचं डोकं मी माझ्या गळ्यात सांभाळतेय असं वाटायचं.

म्हणून मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हणाले. आणखीही एक कारण होतं. पुढच्याच आठवड्यात बोरखेडला मालनअक्काच्या लेकीचं, सारिकाचं लग्न होतं. मालनचा चुडा बावीस वर्षांपूर्वी आबांनीच भरला होता, मालनच्या आईचाही त्यांनीच. "सारिकाचा हात भरला की पाटी खाली ठेवीन," असं आबा फाल्गुनापासून म्हणत होते. दवाखान्यात काही निघालं असतं तर यजमानांनी त्यांना उंबऱ्याबाहेर सोडलं नसतं. कासारमामांना भ्रम झालाय, असं नऊ गावांत झालं असतं. एवढं एक लग्न नीट पार पडू दे, मग बघू, असं मी मनाशी धरलं होतं.

वैशाखातली सकाळ होती. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाटी माझ्या डोक्यावर, आबांच्या हातात काठी आणि खांद्यावर हिरव्या बांगड्यांच्या माळा. आबा त्या दिवशी खुशीत होते, धुतलेली टोपी घातली होती. मी म्हणायच्या आधी त्यांनीच ओवी सुरू केली.

ओढ्याच्या पल्याड लिंबाखाली घर
ओसरीला भानुदास, मालन उंबऱ्यावर

साऱ्या ओव्यांत ही माझी आवडती. एका दमात झालेली. ओढा कोरडा होता. त्यातल्या गोट्यांवरून मी आबांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं, आणि ते पुन्हा पुन्हा तेच दोन चरण म्हणत राहिले. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. बधिर पायाला गोटा निसटलेला कळत नाही.

अंगणात मांडव झाला होता. बायका घोंगडीभोवती कोंडाळं करून बसल्या. सारिका पुढं आली. एकोणीस वर्षांची पोर, हात आखडून धरलेले. आबा तिला विचारत राहिले, शाळेत कविता कुठल्या होत्या, गाईला कालवड झाली की गोऱ्हा, आणि ती उत्तरं देईपर्यंत एका हातात अकरा आणि एका हातात दहा हिरव्या बांगड्या चढल्यासुद्धा. एकही वाढली नाही. सारिकानं वाकून नमस्कार केला. बायकांनी सुस्कारा सोडला आणि मीही. झालं, निभावलं, असं मला वाटलं.

नवरीनंतर नवरीच्या आईचा मान. आबांनी मान वर केली आणि घराच्या दाराकडे पाहिलं. मालनअक्का उंबऱ्याच्या आत उभी होती, अर्धी दाराआड, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"मालन, अगं आत काय करतीस? ये की. आईचा चुडा राह्यला."

अंगणातलं बोलणं एकदम बंद झालं. बांगड्यांची माळ माझ्या हातातच राहिली.

भानुदास, मालनचा नवरा, मार्गशीर्षात गेला होता. पाच महिने झाले होते. आबा आणि मी भेटायला गेलो होतो, याच ओसरीवर बसलो होतो. आबांनी त्या दिवशी घरी येऊन पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट माणूस विसरत नाही, असं मी धरून चालले होते. त्यामुळे ओवी मी बदललीच नव्हती. सकाळपासून फाट्यापासून इथपर्यंत आबांनी पंधरा-वीस वेळा भानुदासाला ओसरीवर बसवलं होतं, आणि मी त्यांचा हात धरून चालत होते.

चंद्राआत्या, भानुदासाची म्हातारी आत्या, माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आवं मामा, तिचं आता..." आणि तिला पुढचं बोलवेना.

माझ्या ओठांवर होतं. आबा, भानुदासभाऊ गेले ना. चारच शब्द. ते म्हटले असते तर मालनला ते लेकीच्या मांडवात पुन्हा ऐकावं लागलं असतं आणि आबांना साऱ्या गावासमोर पहिल्यांदा. मी आबांच्या बाहीला हात लावला. त्यांना वाटलं मी पुढची माळ देतेय.

मालनअक्का उंबरा ओलांडून बाहेर आली.

"आत्याबाई, भरू द्या," ती म्हणाली.

ती आबांच्या समोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. मोकळे हात. मनगटावर जिथं बावीस वर्षं काच होती तिथं कातडी अजून फिकट होती. आबांनी उजवा हात घेतला, अंगठा आत दुमडला आणि थांबले. पुन्हा दाबून पाहिला.

"हात उतरलाय पोरी. दोन-सहाचा हात तुझा. आता दोन-चार जाईल. काय झालं?"

"काय नाय मामा. ऊन फार हाय औंदा."

"मी सांगतो भानुदासला. लेकीच्या लग्नात बायकोकडं कुणी बघायचं? कुठं गेलाय?"

"शेतात हायेत," मालन म्हणाली.

बोरखेडात ज्याला त्याला आपापल्या रानात अग्नी देतात. अंगणातल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं. एकीनं तोंडाला पदर लावला. मालन मात्र सरळ बसली होती, आबांकडे बघत, आणि तिच्या तोंडावर कसलं तरी लक्ष होतं. आपण लांबून येणारं गाणं ऐकतो ना, तसं.

आबा बोलत राहिले. मालनच्या लग्नात भानुदासानं बांगड्या भरायच्या जागी येऊन कशी दोनदा फेरी मारली होती, आणि आबांनी त्याला कसं हाकललं होतं, लेका, हात उद्यापासून तुझाच आहे, आजच्या दिवस माझ्याकडं राहू दे. आज काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण बावीस वर्षांपूर्वी भानुदासाच्या सदऱ्याला गुंडी नव्हती आणि त्यानं बाभळीचा काटा लावला होता, हे त्यांनी सांगितलं. मालन हसली. खरोखर हसली. बांगड्या एकेक करून चढल्या. शेवटची घालून झाल्यावर तिनं पदर डोक्यावर घेऊन आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आबांनी पन्नास वर्षांच्या सवयीनं जो द्यायचा तो आशीर्वाद दिला.

पुढच्या बायकांचे हात मी भरले. आबा दमले होते. त्यांना ओसरीवर चहा दिला.

थोड्या वेळानं मालनअक्कानं मला आत बोलावलं. मागच्या खोलीत ज्वारीची पोती होती आणि एक लहान खिडकी. तिनं दार ओढून घेतलं, पोत्यावर बसली, हात पुढे केले. शेजारी खोबरेल तेलाची वाटी होती.

"उतरव," ती म्हणाली. "मांडवात अशी फिरले तर पोरीला बोलतील. पण फोडू नको. तवा फोडल्या होत्या. आता नीट उतरव."

चढवणं सोपं, उतरवणं अवघड. बांगडी चढताना हात आशेनं मऊ होतो, उतरताना आखडतो. मी ते काम कधी एकटीनं केलं नव्हतं. मी तिच्या हाताला तेल लावलं, आबा लावत तसा तिचा अंगठा आत घेतला, मूठ केली. पहिली बांगडी सांध्यावर अडली. मी थांबले. तिनं श्वास सोडला आणि बांगडी निघाली.

"अक्का, चूक माझी आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. विसरणं, ओव्या, ओढ्यापासूनची सकाळ. ती ओवीही म्हणून दाखवली. दवाखान्यात काय बोलले तेही सांगून टाकलं. का, ते मला कळलं नाही. तेलाच्या हातांनी माणूस खोटं बोलू शकत नाही बहुतेक.

चार बांगड्या उतरेपर्यंत ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "सारिकाच्या वडलांनाबी साखर व्हती. दोन साल. मला म्हणाले, कुणाला सांगू नको, पोरीचं जमायचंय, वडलाला दुखणं हाय म्हणतील. दवाखान्यात बाई इचारायची, दम लागतो का, घाम येतो का. मी म्हणायची, नाय. ते माझ्याकडं बघत बसलेले असायचे ना."

मी पुढची बांगडी सांध्यापर्यंत आणली.

"त्या दिशी रानातून आले ते घामानं न्हाल्यावानी. थंडीचे दिस. छातीत कळ नाय, काय नाय. मी लिंबाचं सरबत केलं." तिनं तेलाची वाटी जवळ ओढली. "ग्लास निम्मा व्हता. नंतर डाक्टर म्हणाला, साखर असली की काळजाला झटका आला तरी कळ कळत नाय कधी कधी. पाय बधिर व्हतात तसं काळीजबी." तिनं दुसरा हात पुढे केला. "तू सांग वैजू. जाऊन सांगून टाक. तो माणूस बघत बसतो तुझ्याकडं, बसू दे."

एकवीस बांगड्या मी अखंड उतरवल्या. तिनं त्या पदरात घेतल्या, मोजल्या नाहीत, एका जुन्या मऊ फडक्यात बांधून ज्वारीच्या पोत्यात हात घालून खोल ठेवल्या. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती उठली, आणि मग तिनं मला ते विचारलं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

"ती ओवी बदलणार तू आता?"

"बदलायलाच पाहिजे, अक्का."

"मी का बसले माहितीय तुला? तुझ्या सासऱ्याची लाज राखायला नाय. लेकीसाठीबी नाय." तिचा हात दाराच्या कडीवर होता. "साऱ्या गावाच्या लेखी ते गेले. माझ्या लेखी गेले, लेकीच्या लेखी गेले. पाच महिन्यांत कुणी मला इचारलं नाय, भानुदास कुठं गेलाय म्हणून. आज एक माणूस आला, त्याच्या लेखी ते अजून व्हते. ओसरीला बसले व्हते. म्हणलं, तेवढा वेळ आपणबी तिथं जाऊन बसावं."

ती कडी काढून बाहेर गेली आणि मांडवात कुणाला तरी पाट मांडायला सांगू लागली.

बाईंनी बोलावलेल्या दिवशी आम्ही पुन्हा तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. या वेळी यजमानही होते. मी त्यांना घरीच सगळं सांगितलं होतं. ते उठून आबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पायांना तेल लावत बसले होते. डॉक्टरीणबाईंपुढं मी दीड वर्षाचं विसरणं एकेक करून मांडलं. आबा माझ्याकडे बघत होते. मी बोलत राहिले. चुकलेला थांबा, दोनदा घेतलेली गोळी, चार लेकरांची आई, बोरखेडचा मांडव. माझं संपलं तेव्हा आबांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं आणि माझा जीव अर्धा झाला.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हाताला आठवतं ते वेगळं आणि डोक्याला आठवतं ते वेगळं. हातांचं सगळ्यात शेवटी जातं, म्हणून घरची माणसं फसतात. साखर, रक्तदाब, तंबाखू, तिन्ही मिळून बारीक रक्तवाहिन्या आतून अरुंद करतात. पायाच्या करतात, डोळ्यांच्या, काळजाच्या, तशा डोक्याच्याही. मग त्यांनी हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायला लावली, डोळे तपासायला पाठवलं, गोळ्या माझ्या ताब्यात दिल्या. यजमानांनी विचारलं, परत पहिल्यासारखे होतील का? गेलेलं येणार नाही, त्या म्हणाल्या, आहे ते जपू. खूप आहे अजून.

पट्टीत निघालं की आबांच्या हृदयाला एक झटका येऊन गेलेला होता. कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. आबांनाही नाही.

तंबाखू सुटायला चार महिने लागले. पाटी मी घेतली. आबा माझ्यासोबत यायचे, घोंगडीवर शेजारी बसायचे आणि एखादा हात अडला की मी तो त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते माप सांगायचे, ते कधी चुकलं नाही. लोकांना कळलं. मला वाटत होता तसा बोभाटा झाला नाही. बायका आपणहून पुढे होऊन सांगू लागल्या, मामा, मी अमकीची सून, मामा, मला दोन पोरं. आबा त्यानंतर आठ वर्षं होते. शेवटी शेवटी ते मला वैजू म्हणायचे नाहीत, कुणाची गं तू, असं विचारायचे, आणि माझा हात हातात घेऊन मग स्वतःच म्हणायचे, दोन-सहा, आमच्याच घरातली हायेस.

बाकीच्या ओव्या मी बदलत गेले. कुठं सून आली, कुठं म्हातारी गेली, कुठं दार दुसरीकडे काढलं. सोनाबाईच्या चार सुना वेगळ्या राहायला लागल्या तेव्हा मला पुरी नवी ओवी करावी लागली.

मागच्या महिन्यात बोरखेडला जाऊन आले. सारिकाच्या धाकट्या लेकीच्या हातात पहिल्या बांगड्या घालायच्या होत्या. आता वेशीपर्यंत रिक्षा जाते, पण मी फाट्यावरच उतरले. ओढ्यावर पूल झालाय. पाटी डोक्यावर होती, शेजारी कुणी नव्हतं, आणि पुलावर पाय ठेवल्यावर मी नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाले:

ओढ्याच्या पल्याड लिंबाखाली घर
ओसरीला भानुदास, मालन उंबऱ्यावर

मालनअक्का उंबऱ्यावरच बसली होती. तिनं ऐकलं होतं. पदर सावरून ती ओसरीच्या एका कडेला सरकली आणि शेजारी जरा जागा राहू दिली.